रांजण दाराबाहेर असायचा तेव्हा

१९७० च्या आसपास नागपूरच्या महाल भागात मार्च सरत आला की उन्हाळ्याची तयारी लग्नघरासारखी सुरू व्हायची. कुंभाराकडून नवे माठ यायचे. ते रात्रभर पाण्याने भरून ठेवायचे, पहिलं पाणी झाडांना घालायचं आणि मगच त्यात प्यायचं पाणी भरायचं. माळ्यावरच्या वाळ्याच्या ताट्या खाली काढून झटकल्या जायच्या. छपरावरची सरकलेली कौलं नीट बसवायची, भिंतींना चुना मारायचा. कूलर अजून घरोघरी पोचला नव्हता. दुपारी दारंखिडक्या लावून घ्यायच्या, ताट्यांवर पाणी मारायचं आणि अंधाऱ्या माजघरात फरशीवर आडवं व्हायचं. सायंकाळी अंगणात सडा पडला की मातीतून वाफ निघायची. मग बाजा बाहेर काढायच्या आणि पहाटेपर्यंत सगळी गल्ली उघड्यावर झोपायची. पहाटे तीनच्या सुमाराला अंगावर चादर ओढावी लागे. आजच्या नागपुरातल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना पटत नाही.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मला अजून फार मोलाची वाटते. आमच्याकडे पाण्याचा रांजण दाराच्या बाहेर असे. बरोबर लांब दांड्याचं ओगराळं आणि एक पितळी पेला. तो रांजण घरच्यांसाठी नव्हताच. पोस्टमन, इतवारीतून हातगाडी ओढत येणारे हमाल, सायकलरिक्षावाले, जळणाची मोळी घेऊन आलेल्या बाया, ज्याला तहान लागेल त्याने प्यावं. आजी सकाळी देवपूजेच्या आधी तो रांजण भरे. चौकाचौकांत पाणपोया लागत. व्यापारी, मंडळं, तालमी त्यांचा खर्च उचलत. उन्हाळा सगळ्यांवर सारखाच येतो, तेव्हा त्याला तोंडही सगळ्यांनी मिळूनच द्यायचं, हे कुणी शब्दांत मांडत नसे, पण वागणं तसंच होतं.

हे लिहिताना त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. त्या रांजणाला सगळ्यांचा हात चालत नसे. काही माणसांनी ओंजळ पुढे करायची आणि कुणीतरी वरून पाणी सोडायचं, हेही मी त्याच दारात पाहिलं आहे. डॉ. आंबेडकरांची १९५६ ची धम्मदीक्षा ज्या शहरात झाली, त्याच शहरात त्यानंतरही हे चालत होतं. तेव्हाचा आपलेपणा खरा होता आणि त्याला घातलेलं कुंपणही खरं होतं. जुन्या उन्हाळ्याबद्दल बोलताना या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

उन्हाचं शास्त्र आजीच्या तोंडी होतं. “दुपारच्याला बाहेर नको जाऊ गा, ऊन लागन,” हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येई. निघायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा, कान झाकलेले, खिशात कांदा. घरी परतलं की लगेच थंड पाणी प्यायचं नाही, आधी गुळाचा खडा. कैरी उकडून केलेलं पन्हं, त्यात गूळ, मीठ, जिरं. ज्वारीची आंबील, ताक, बेलाचं सरबत, सब्जा. सूर्य रोहिणीत शिरला की २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू व्हायचा आणि ते नऊ दिवस आजी कुणालाही गावाला जाऊ देत नसे. शाळा सकाळच्या व्हायच्या. शेतावरची माणसं पहाटे चारला निघून दहापर्यंत परतायची आणि मधली दुपार झाडाखाली काढायची. दुपारी काम करणं वेडेपणाचं समजलं जाई.

खिशातल्या कांद्याने काही होत नाही, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. पण पन्ह्यातला गूळ, मीठ आणि पाणी यांचं काम खरं होतं. घामावाटे शरीरातून पाणी आणि क्षार दोन्ही जातात, आणि साखरेची जोड मिळाली की आतडं मीठ व पाणी चांगलं शोषून घेतं. आजीला हे कारण ठाऊक नव्हतं. प्रमाण मात्र ठाऊक होतं.

तरी माणसं मरत होती. मे महिन्यात आमच्या गल्लीत कुणी ना कुणी म्हातारं माणूस जाई. लोक म्हणत, “वय झालंच होतं.” कुणी हमाल दुपारी वखारीत पडे, संध्याकाळपर्यंत संपे. लोक म्हणत, “हार्ट बंद पडलं.” मृत्यूच्या नोंदीत ऊन कधी लिहिलं जात नसे. ज्याची नोंद नाही, त्यावर उपाय करायचं कुणाच्याच मनात येत नसे. तेव्हाच्या उन्हाळ्याला आपण आज सुखाचा म्हणतो, त्याचं एक कारण त्याचे बळी कुणी मोजले नाहीत हेही आहे.

ती मोजणी पुढे अहमदाबादने केली. मे २०१० मध्ये तिथला पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू थोडेच होते. पण गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या आणि परदेशातल्या काही संशोधकांनी महापालिकेच्या दप्तरातले सगळेच मृत्यू काढले आणि आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यांतल्या बहुतेकांच्या नोंदीत उन्हाचा उल्लेख नव्हता. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं जे घडत होतं, तेच तिथे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

अहमदाबादने २०१३ मध्ये आपला उष्णता कृती आराखडा काढला. दक्षिण आशियातल्या शहराचा तो पहिला. त्यातली प्रत्येक गोष्ट साधी आहे. हवामान खात्याचा अंदाज रोज एका ठरावीक अधिकाऱ्याकडे येणार. रंगाचा इशारा ठरला की कुणी कुणाला फोन करायचा, हे आधीच लिहिलेलं. डॉक्टर आणि नर्सना उष्माघात ओळखायचं शिक्षण. पाणपोया, दुपारी उघडी ठेवलेली उद्यानं, झोपडपट्टीतल्या छपरांना चुन्याचा पांढरा हात. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली. तो तळमजल्यावर आणला आणि उन्हामुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलं. मला या एका कृतीचं फार कौतुक वाटतं. कुणीतरी विचारलं की बाळं वर का तापताहेत, आणि खाटा खाली आणल्या. पुढे २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की या आराखड्यामुळे दर वर्षी सरासरी सुमारे ११०० ते १२०० मृत्यू टळले असावेत.

नागपूरने अहमदाबादनंतर तीन वर्षांनी हा मार्ग धरला. २०१६ मध्ये नागपूर आणि आसपासच्या शहरांनी मिळून प्रादेशिक आराखडा केला. ‘प्रादेशिक’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण उन्हाला महापालिकेची हद्द कळत नाही. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीवर तापणारी दुपार ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यावरही तापते, वर्धा-भंडाऱ्यातही तापते. आणि उन्हाने कोसळलेला माणूस शेवटी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात येतो. तिथे पलीकडच्या मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातूनही रुग्ण येतात. उन्हाळ्यात कोल्ड वॉर्ड उघडतो, त्यात बर्फ, कूलर, सलाइन यांची सोय असते. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि शुद्ध हरपू लागली की पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करणं हाच उपचार असतो, हे आता प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेलाही शिकवलं जातं.

रस्त्यावरही फरक दिसतो. भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे दुचाकीवाल्याला डांबरावर दोन मिनिटं उभं राहावं लागू नये. काही सिग्नलवर हिरवी जाळी ताणतात. पूर्वी चौकात वडाची किंवा कडुनिंबाची सावली असायची. तिथे आता जाळी ताणावी लागते, याचं दुःख होतं. पण जाळी ताणण्याचं कुणीतरी ठरवलं, म्हणून त्या दुपारी उभं राहता येतं.

कारण ऊनही पूर्वीचं राहिलेलं नाही. २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ अंश पाहिले. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासून संवेदक बिघडल्याचं सांगितलं. तो आकडा चुकीचा होता, पण त्यावर इतक्या लोकांनी क्षणभर विश्वास ठेवला, हे मला जास्त बोलकं वाटलं. मला जास्त भीती रात्रीची वाटते. कौलं आणि चुन्याच्या भिंती गेल्या, स्लॅब आणि पत्रे आले. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रभर उष्णता सोडत राहतं. ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांच्या खोलीतली गरमी बाहेर येऊन शेजारच्या पत्र्याच्या घरावर पडते. हवेत दमटपणा असला की कूलरचा उपयोग होत नाही. पहाटे तीनला चादर ओढायला लावणारी ती थंड झुळूकच गेली, आणि शरीराला दिवसाच्या तापातून सावरायला जी रात्र मिळायची, तीही तिच्याबरोबर गेली. तेव्हा गारवा गल्लीचा होता. आता तो बंद दाराआडचा झाला आहे आणि त्याचं बिल भरता येईल त्यालाच मिळतो.

उघड्यावर काम करणाऱ्याची दुपार तर अजून तशीच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गडचिरोली आणि चंद्रपूरमधली गावंच्या गावं मिरची तोडायला तेलंगणात जातात. बायका, पोरं, चूल, भांडी, सगळं ट्रॅक्टरवर लादून. परततात तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर असतो, मेचा सगळ्यात कडक काळ. त्यांना गाठायचं तर एका राज्याचा इशारा पुरत नाही. हैदराबादला निघालेला इशारा तेलुगूत, मुंबईहून निघालेला मराठीत, आणि मिरचीच्या शेतातली बाई गोंडी किंवा माडिया बोलणारी. ती तिकडे आजारी पडली तर नोंद तिकडे होते, गावी परतून मेली तर इकडे होते, आणि दोन्हीकडे उन्हाचा उल्लेख राहून जातो. ओडिशाने १९९८ मध्ये दोन हजारांवर माणसं गमावली, तेव्हापासून तिथे शाळांच्या, कामाच्या वेळा बदलण्याचं शिस्तीचं काम सुरू झालं. २०१५ मध्ये आंध्र आणि तेलंगणात मोठी लाट आली. २०२५ मध्ये तेलंगणाने उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती जाहीर केलं, म्हणजे मृताच्या घराला मदत मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. मग सीमेच्या अलीकडच्या पोराला आणि पलीकडच्या पोराला एकाच उन्हाची किंमत वेगळी का?

महाराष्ट्राला उन्हाचा धडा १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये मिळाला. भर दुपारी उघड्या मैदानावर लाखोंचा समारंभ झाला आणि चौदा माणसं गेली. कोकणातला दमट उन्हाळा होता तो. विदर्भात चाळीस अंशांत माणूस सावलीत बसून तगतो, किनाऱ्यावर त्याहून कमी पाऱ्यातही तो कोसळू शकतो, कारण घाम वाळतच नाही. त्याच वर्षी सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने देशातले ३७ उष्णता आराखडे तपासले. सगळ्यात जास्त धोका कुणाला आहे याचा नीट शोध त्यांतल्या फक्त दोघांनी घेतला होता. बाकीच्या आराखड्यांत पन्हं, दुपट्टा आणि पाणपोई आहे, पण ती नेमकी कुणासाठी हे लिहिलेलं नाही. आजी रांजण भरताना ते जाणत होती. तिला हमालाचं, मोळीवालीचं नाव माहीत होतं.

सीमांची गोष्ट राज्यांपुरती थांबत नाही. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतला भारतातला सगळ्यात तापलेला मार्च होता. तीच लाट पाकिस्तानात होती. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं, की माणसाने तापवलेल्या हवेमुळे अशी लाट येण्याची शक्यता तीस पटींनी वाढली आहे. जून २०१५ मध्ये रमजानच्या दिवसांत कराचीत हजाराहून जास्त माणसं गेली. वीज गेली होती, समुद्रावरचा वारा थांबला होता, शवागारात जागा उरली नव्हती. २०१७ मध्ये कराचीनेही आराखडा केला. अशी लाट राजस्थान ओलांडून एकाच वेळी दोन्ही देशांवर असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागणीत भारत आग्नेय आशिया विभागात आणि पाकिस्तान पूर्व भूमध्य विभागात. सप्टेंबर २०१७ मध्ये मालदीवमध्ये आमच्या विभागाच्या देशांनी हवामानबदलाला तोंड देणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचा माले जाहीरनामा केला, तेव्हा कराची त्या बैठकीच्या बाहेर होती. ऊन मात्र दोघांचं एकच आहे.

सीमा ओलांडून एकत्र काम जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी १९७१ ची आठवण करून देईन. तेव्हा वर्तमानपत्रांत रोज बंगालच्या निर्वासितांची छायाचित्रं येत. त्याआधी तीन वर्षं, १९६८ मध्ये, ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन रोगी वाचतो, हे सिद्ध झालं होतं. ते ज्ञान सीमा ओलांडून आलं आणि बनगावच्या छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून ते पाणी वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. पुढे ते पुन्हा सीमेपलीकडे गेलं. १९८० पासून बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या बायका घरोघर फिरल्या आणि दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना शिकवत गेल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि ठरलेलं पाणी. महालच्या आणि बांगलादेशच्या घरांत गूळ आणि मीठ एकाच कामाला लागले होते. एकीकडे ते उन्हावर, दुसरीकडे जुलाबावर. आज नागपूरच्या पाणपोईवर ओआरएसची पाकिटं ठेवलेली दिसतात, त्यांच्यामागे हे जाणंयेणं आहे.

वादळांचंही तसंच झालं. १९७० च्या भोला चक्रीवादळाने तीन लाखांवर माणसं नेली. त्यानंतर बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांनी चक्रीवादळांवर एकत्र काम करणारं मंडळ उभारलं. २००४ पासून आठ देश मिळून वादळांना नावं देऊ लागले, आता ते तेरा आहेत, आणि त्यांत भारतही आहे आणि पाकिस्तानही. अंदाज दिल्लीहून निघतात. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा लाखो माणसं आधीच हलवली गेली होती. पुण्याचाही त्यात वाटा आहे. दक्षिण आशियातल्या देशांचे हवामानतज्ज्ञ २०१० मध्ये पहिल्यांदा पुण्यात एकत्र बसले आणि पावसाचा एकमताचा अंदाज काढला. तेव्हापासून हे मंच दर वर्षी भरत आले आहेत. वाऱ्यासाठी आणि पावसासाठी जे जमलं, ते उन्हासाठीही जमायला हवं: एकाच लाटेचा इशारा सगळ्यांनी एकाच रंगात द्यावा, मृत्यू एकाच पद्धतीने मोजावेत, कराची जे शिकली ते नागपूरला कळावं आणि अहमदाबादचा खाली आणलेला बाळांचा कक्ष लाहोरलाही कळावा.

विदर्भाच्या पातळीवर तर दिल्लीची वाट पाहायचंही कारण नाही. अकरा जिल्ह्यांनी आणि शेजारच्या आदिलाबाद, बालाघाट, राजनांदगाव जिल्ह्यांनी फेब्रुवारीतच एकत्र बसावं. मिरची तोडायला जाणाऱ्या गावांची यादी आरोग्य खात्यांनी एकमेकांना द्यावी. तेंदूपत्ता संकलन केंद्रावर सावली आणि ओआरएस ही ठेकेदाराच्या करारातली अट असावी. मोठ्या रुग्णालयांनी उन्हाळ्यात रोजचे सगळे मृत्यू एकमेकांना कळवावेत, म्हणजे लाट सुरू असतानाच ती दिसेल.

आणि वाचणाऱ्याला एक विनंती. होळीच्या आधी आपल्या ग्रामपंचायतीत किंवा वॉर्डात जाऊन उष्णता कृती आराखड्याचा जबाबदार अधिकारी कोण, ते विचारा. त्याचा नंबर लिहून घ्या, गल्लीतली एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि उघड्यावर काम करणारे शेजारी यांची नावं त्याला द्या. नाव कुणाला माहीत नसेल, तर पाण्याचा एक रांजण दाराबाहेर ठेवा, आणि त्याला कुणाचाही हात लागू द्या.